‘बंद’ म्हणजे काय, बाबा?

प्रिय बाबा,

उद्या सकाळी रामसेवक काकांची होडी पुन्हा धरणात उतरणार, आणि मला आत्तापासून धास्ती वाटतेय. आईला सांगता येत नाही. ती लगेच म्हणेल, दुकान विकून टाक. म्हणून तुम्हाला लिहितेय.

काकांच्या होडीचं ते जुनं इंजिन आठवतं ना? तुमच्याहून वयाने मोठं! तुम्ही गेल्यावर काका ते दाना ओलीच्या गल्लीत आपल्या दुकानी घेऊन आले. थंड असताना सुरूच होत नव्हतं. थंड इंजिनाची हवा अडवणारा विजेवरचा चोक अडकला होता, कॉइलमधला दट्ट्या गंजलेला. मी तो घासून साफ केला, बॅटरीची वायर लावली, आणि टक् झालं. हवेची झडप हलली. केवढा आनंद झाला मला!

पण चोकची बाहेरची छोटी दांडी कुठे ठेवायची ते कळेना. तिच्या एका बाजूला तुम्ही चिकटपट्टीवर लिहिलं होतं, ‘बंद’. मी समजले, चोक बंद. दांडी तिकडे फिरवून घट्ट कसली. पाण्याच्या ड्रममध्ये इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मिनिटभर चालवलं आणि देऊन टाकलं.

बाबा, तुमचं ‘बंद’ झडपेचं होतं. झडप बंद, म्हणजे चोक चालू! थंड इंजिनाला तेच हवं असतं, म्हणून ड्रममध्ये काही कळलं नाही. तापल्यावर मात्र हवा मिळेना, पेट्रोल नुसतं भरत गेलं, आणि इंजिन धरणाच्या मध्यावर बंद पडलं. होडीत पलीकडच्या वस्तीतली सात शाळकरी मुलं होती. वारा सुटलेला. काकांनी वल्ही मारून कशीबशी होडी काठाला लावली. एक लहान मुलगी म्हणे उतरल्यावरही काकांचा हात सोडेना.

‘झडप’ एवढा एक शब्द आणखी लिहिला असता तर? पण कोणासाठी लिहिणार होतात? मला तर पान्याला हात लावू द्यायचा नाहीत. “घरातली पहिली बी.एस्सी. तू, हात काळे नको करूस,” म्हणायचात. उंबऱ्यावर उभी राहून जेवढं दिसलं, तेवढंच शिकले. दुकानात तुमच्या हातच्या अशा आणखी किती पट्ट्या आहेत? एकेक वाचायची आता भीती वाटते.

खरी भीती मात्र वेगळीच आहे. काका इंजिन परत घेऊन आले, तेव्हा झाकण काढताक्षणी माझी चूक मला दिसली. तेवढ्यात तेच म्हणाले, “बिटिया, पेट्रोल में पानी रहा होगा. उस्ताद की लड़की से ऐसी गलती थोड़े ही होगी.”

मी गप्प राहिले, बाबा. ते जाऊन पेट्रोलवाल्याशी भांडून आले, तरी गप्प राहिले. शिकलेल्या माणसाने खरं बोलावं, असं सगळ्यांना ऐकवणारी मी!

दांडी आता सोडवली आहे. ड्रममध्ये अर्धा तास चालवलं, झडप उघडी राहते. तरी माझा माझ्यावरच विश्वास बसत नाही.

म्हणून तुम्हाला वचन देते. उद्या मुलं यायच्या आत मी धरणावर पोचेन. आधी काकांना खरं सांगेन, मग इंजिनाला हात लावेन. दुसऱ्याकडे नेतो म्हणाले, तर नेऊ देईन. ‘तूच बघ’ म्हणाले, तर त्यांच्याबरोबर मी एकटी होडीत बसेन, मध्यापर्यंत जाऊन परत येईन. मला पोहता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. तरी जाईन. तोवर एकाही मुलाला होडीत पाय ठेवू देणार नाही.

तुमचीच,
मनू