दोन वर्षांच्या बाळाचे वंशज

ओहायोतल्या टॅबिथाताईला धाकट्या जोसायाचा वाकून नमस्कार.

बोस्टनजवळच्या या गावी सुखरूप आहे. खोकला उतरला, डोकं मात्र तापलंय. जहाजातून आलेल्या आपल्या मूळपुरुषाच्या, आयझॅकच्या, स्मारकावर इथलं इतिहास मंडळ ‘निपुत्रिक’ असं कोरणार आहे! अध्यक्ष लोथ्रॉप म्हणाले, “अहो, त्यांचा एकुलता मुलगा एबेनेझर दोन वर्षांचाच गेला. हे पाहा थडगं.”

“मग मी कोणाचं भूत?” मी ओरडलोच.

गेलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला ठेवायची आपली रीत, ती या पंडितांना आठवू नये? आपण ज्याचे वंशज, तो एबेनेझर त्याच्या पाठचा, दुसरा!

गुडघा कसा आहे? दुखत असला तरी ये. तुझ्या आधीची टॅबिथाही पाळण्यातच गेली ना? लोथ्रॉपसमोर उभी राहा आणि विचार, “सांगा, मी मेलेय का?”

संतापलेला, पण तुझाच,
जोसाया