नकली पेटीची ऊब

ता. ४ फेब्रुवारी

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र उद्यावर ढकलता ढकलता हिवाळा संपत आला. आळस नव्हता, भीती होती. आपल्या घरात मोबाइल नाही तो तुमच्या प्रयोगामुळे. नेमका तोच प्रयोग पुन्हा करून बघणाऱ्या प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते, हे कोणत्या तोंडाने कळवू? त्याआधी बोटीवर भांडी घासत होते. तिथला स्वयंपाकी मांजराशी हिशेबावरून भांडायचा. पण ते राहू दे.

इथे दोन सारख्या पेट्या आहेत. एकीत मोबाइलच्या लहरी सोडतात, दुसरी नकली. दोन्हींत पेशींच्या बशा. खरी पेटी कुठली ते फक्त यंत्राला ठाऊक, आमच्या मुख्य बाईंनाही नाही. बशा तपासताना कुणी नुसत्या भुवया उंचावल्या तरी बाई त्याला बाहेर काढतात. तुमचा निबंध त्यांना तोंडपाठ आहे. इतकं स्वच्छ लिहिलंय, की कुणीही करून बघावं, म्हणतात.

काका, तो प्रयोग आम्ही तीनदा केला. तुम्हाला दिसली तशी तुटलेली गुणसूत्रं आम्हाला दिसत नाहीत. बाई म्हणाल्या, छापण्याआधी मूळ माणसाला विचारा, आपलंच काही चुकलं असेल. काय चुकलं?

रागावलात तरी लोभ असू द्या.
तुमची भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझं पत्र आल्यापासून दोन दिवस मी बोललो नाही. तुझी काकू म्हणाली, घर किती शांत झालं, पोरीला रोज लिहायला सांगा.

लोक मला ओळखतात ते त्या एका निबंधामुळे. तो गेला, तर मागे एक चिडका पेन्शनर उरतो. तरी तुझ्या बाईंना माझी शाबासकी सांग. इतक्या वर्षांत कुणी मला डोक्यावर घेतलं, कुणी शिव्या घातल्या. करून कुणीच बघितलं नाही.

बाईंना एक विचार. नकली पेटी तुम्ही नुसती बंद ठेवता का? आमची बंद असायची.

एका जागी टिकलीस, याचं कौतुक वाटतं. जेवत जा.
काका

ता. २७ फेब्रुवारी

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

काकांचा प्रश्न वाचून बाईंनी त्यांचा निबंध पुन्हा उघडला. लहरी सोडणारं यंत्र थोडं तापतं. म्हणून इथे नकली पेटीतही छोटा हीटर असतो, दोन्हींची ऊब सारखी राहावी म्हणून. काकांची नकली पेटी मात्र गार. मग त्यांच्या पेशी लहरींनी तुटल्या की नुसत्या उबेने? मोजल्याशिवाय बोलायचं नाही, असं बाईंनी सगळ्यांना बजावलंय. शिवाय हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही, काकांना सुचलं, तेव्हा नव्या निबंधावर त्यांचं नाव आपल्या शेजारी हवं, म्हणतात. स्वतःच्याच निबंधाविरुद्ध ते सही करतील का? त्यांना कसं विचारू, ते तू सांग. मी तीन कागद फाडले.

थांब, दारावर कुणीतरी आलंय.

काकू, काका आलेत. तू समजतेस ते दाताच्या डॉक्टरकडे गेलेत, आणि इथे बगलेत त्यांच्या प्रयोगातली लहरींची जुनी पेटी. बाईंना म्हणाले, आधी मोजू, मग कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. मला थर्मामीटर आणायला पिटाळलंय, वाटेत कुठे रेंगाळू नकोस म्हणाले. बाईंनी स्वतःचा ॲप्रन काढून त्यांना दिलाय. बाह्या कोपरापर्यंतच येताहेत. पळते.

तुझी भिंगरी