चार तासांच्या वर

टेंभुर्णी
दि. १६ एप्रिल २०२५

बेबीनंदा सिस्टर यांस,

वंदनाचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तूही जाफराबादला खुशाल असशील. तुझी बदली होऊन चार महिने झाले, तरी इथल्या बाया लेकरांना डोस पाजायला नेलं की तुझंच नाव काढतात. नवी सिस्टर फार वसकन अंगावर येते म्हणे. उन्हानं जीव नको झालाय. बोअरच्या मोटारी जळून राह्यल्यात, त्यामुळं यांच्या दुकानात रिवाइंडिंगला मोटारींचा ढीग पडलाय. जेवायला फुरसत न्हाई. तरी मंगळवारचा जाफराबादचा बाजार काही चुकत न्हाई.

ते तुला सांगायची गरज न्हाई म्हणा.

फोनच केला असता. पण फोनवर तू "हो वहिनी, न्हाई वहिनी" करशील आणि मी ठेवला की यांना लावशील. म्हणून कागदावर लिहिते.

एक सांग. हे दर मंगळवारी पिशवीत दोन मोसंब्या घालून तुझ्याकडं कशाला आणतात? शेजारच्या शकीलाभाभीच्या हारुननं यांना दोनदा तुझ्या दवाखान्यात शिरताना बघितलं. बाया निघून गेल्यावर, दुपारी. गेल्या महिन्यात एक मोसंबी पिशवीत तशीच परत आल्ती. मी सोलायला घेतली तर सालीवर बारीक भोकं, सुईनं पाडल्यासारखी. मोजली. एकवीस. करणी-बिरणीवर माझा विश्वास न्हाई, पण ती मी उकिरड्यावर फेकली आणि हात दोनदा धुतले.

मंग फ्रिजमध्ये बर्फाच्या भांड्यामागं एक स्टीलचा डबा सापडला. आत काचेची छोटी बाटली अन् बारीक सुया. यांना नऊ वर्षांपासून शुगर आहे, पण त्याच्या गोळ्या आहेत, सुई न्हाई. गोळ्या मीच देते. विचारलं तर म्हणले, "दुकानातलं वार्निश आहे." वार्निश कुणी फ्रिजात ठेवतं का? परवा हे फ्रिज उघडून दहा मिनिटं उभे होते. काय शोधता म्हणलं तर, "थंड पाणी." पाण्याची बाटली डोळ्यांसमोर होती.

शर्ट भिजवताना खिशात कागदही सापडला. अर्धा विरघळला होता. अक्षर तुझं, ते मी लेकरांच्या लसीच्या कार्डावर बघितलंय. वाचता आलं ते एवढंच, "आठवड्यातून दोनदाच. एका दिवसात परत न्हाई. दर वेळी बाजू बदलायची. घाबरू नका, हळूहळू जमतं."

काय जमतं, बेबी?

तू यांना राखी बांधतेस. ओवाळणीची साडी मी स्वतः निवडते. तुझ्याबद्दल असं मनात आणताना मलाच माझी लाज वाटते. पण मनात येतं ते येतंच.

अजून एक गोष्ट आहे, ती लिहायला हात धजत न्हाई. नवऱ्यातला बदल बाईला सगळ्यांच्या आधी कळतो. वाईट असला तर कळतोच, पण चांगला असला की जास्त भ्या वाटतं.

आठ दिवसांत उत्तर धाड. न्हाई आलं तर मीच येईन.

वंदना


टेंभुर्णी
दि. २५ मे २०२५

प्रिय बेबी,

कशी आहेस, असं कोणत्या तोंडानं विचारू? पण पत्राची सुरुवात मला दुसरी येत न्हाई. हे आता हिंडून-फिरून आहेत. दुकानात दोन तास बसतात. पोरं मामाकडून परत आली. त्यांना पप्पांचं पोटाचं ऑपरेशन झालं एवढंच सांगितलंय.

फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा बंद पडतो, म्हणून लिहिते. यातलं काही तुला म्हाईत आहे. काही आम्हा दोघांशिवाय कुणालाच म्हाईत न्हाई.

त्या मंगळवारी, आठ दिवसांचीही वाट न बघता, मी तुझ्या दवाखान्यात येऊन, लसीला बसलेल्या बायांसमोर जे बोलले ते इथं परत लिहीत न्हाई. तू हातातलं इंजेक्शन पुरं दिलंस, लेकराच्या मांडीवर कापूस धरलास आणि एवढंच म्हणलीस, "वहिनी, भाऊंनाच विचारा." मला वाटलं, बघा, पकडली गेली म्हणून तोंड उघडत न्हाई. "तुमचे मालक माझे पेशंट आहेत," एवढं बोलली असतीस तरी सुटली असतीस. तू ते सुद्धा बोलली न्हाईस.

घरी येऊन मी यांना विचारलं का? न्हाई विचारलं. यांनी "हो" म्हणलं तर मी काय करणार होते?

चार मेला रविवार होता. पोरं गावाला गेल्ती. जेवण झाल्यावर हे आतल्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. मी समजले. मी चप्पल घातली आणि शकीलाभाभीकडं कुरडया घालायला निघून गेले. मुद्दाम गेले. पाच वाजता आले तर खोलीला आतून कडी. म्हणलं, आता घरातच कुणी आहे का काय? खिडकीला कान लावून उभी राह्यले बघ, इतकी खाली गेल्ते मी. आतून नुसतं कण्हणं येत होतं.

कडी काढली तेव्हा हे घामानं निथळत होते. मांडीवर बर्फाची पिशवी. मला म्हणले, "वंदे, जालन्याला चल. एक वाजल्यापासून असंच आहे. उतरत न्हाई." काय उतरत न्हाई ते मला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "कुणासाठी एवढं?"

हे रडले, बेबी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, मी यांना रडताना बघितलं नव्हतं.

जीपमध्ये बसलो आणि यांनी तुला फोन लावला. तू पहिल्या रिंगला उचललास. बारा दिवसांपूर्वी मी तुला काय काय म्हणले होते, आणि तू विचारलंस ते एवढंच, "भाऊ, किती वाजता घेतलं? किती घेतलं?" मंग म्हणलीस, "वहिनींना फोन द्या." मी कानाला लावला. "वहिनी, चार तासांच्या वर झालं की ते आपोआप बसायची वाट बघायची न्हाई. कुठंही थांबू नका. बाटली सोबत आहे का? डॉक्टरला दाखवा आणि शुगरच्या गोळ्या कोणत्या ते पण सांगा. लाजू नका, तिथं रोज असे पेशंट येतात." मी फक्त "हं" म्हणले. बाटली घरातच राह्यली होती. जीप परत वळवली आणि ती घेतली.

जालन्याला पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. सुईनं साचलेलं रक्त काढलं, ते बसवायचं औषध दिलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "सहा तास काय करत होता? अजून उशीर केला असता तर कायमचं गेलं असतं," असं मलाच ओरडले.

मंग त्यांनीच सगळं सांगितलं, आणि उरलेलं यांनी. शुगरनं दोन वर्षांपासून यांची ताकद गेल्ती. तोंडानं घ्यायच्या गोळ्या लागू पडल्या न्हाईत. म्हणून जालन्याच्या डॉक्टरनं हे इंजेक्शन दिलं, पहिला डोस स्वतःसमोर देऊन माप ठरवून दिलं. सुईच्या नळीवरच्या दहा रेघा, त्याच्या वर न्हाई. पण घरी आल्यावर यांना ते जमेना. केसासारखी तांब्याची तार गुंडाळणारा माणूस, पण स्वतःला सुई टोचायची म्हणलं की घाबरायचा. म्हणून तुझ्याकडं आले. डॉक्टरची चिठ्ठी बघितल्याशिवाय तू काही सांगितलं न्हाईस, हेही म्हणले. रेघ कशी मोजायची, सुई कशी सरळ धरायची, वरची शीर कशी चुकवायची, टोचल्यावर पाच मिनिटं कसं दाबून धरायचं, ते तू मोसंबीवर शिकवलंस. आठवड्यातून दोनदाच. एका दिवसात परत न्हाई. बाजू बदलायची. सुई दर वेळी नवी. बाटली कायम थंड.

आता जे आम्हा दोघांशिवाय कुणालाच म्हाईत न्हाई ते.

डॉक्टरनं यांना विचारलं, "दहाच्या वीस रेघा कुणी करायला सांगितल्या?" हे म्हणले, "एप्रिलात दहानं काहीच झालं न्हाई. मंग पंधरा घेतलं, वीस घेतलं. वाटलं आजार वाढला. ती बाटली संपली, नवी आणली आणि त्या दिवशी नवीतलं वीस घेतलं." डॉक्टर म्हणले, "पहिली बाटली उन्हात राह्यली असंल. जोर उतरलेलं औषध. नवं ताजं होतं, त्याचं वीस म्हणजे दुप्पट." हे म्हणले, "न्हाई साहेब, फ्रिजमधून बाहेर काढलीच न्हाई." शपथ घेतली यांनी.

मी भिंतीला टेकून उभी होते.

तुला ते पहिलं पत्र लिहिलं तेव्हा बाटली माझ्या मांडीवर होती, बेबी. सहा दिवस ती माझ्या पत्र्याच्या पेटीत, साड्यांखाली होती. बेचाळीस डिग्रीत. जालन्याला कुणाला तरी दाखवून, हे काय वशीकरण आहे ते विचारायचं होतं. धीर झाला न्हाई, म्हणून सातव्या दिवशी गुपचूप डब्यात ठेवून दिली. यांना वाटलं असंल, बर्फाआड आपलीच नजर चुकली.

आणि त्याहून वाईट म्हणजे, फेब्रुवारीत हे माझ्याजवळ आले तेव्हा मला सुख झालं होतं. दोन वर्षांनी. दुसऱ्या दिवशी त्याच सुखाचा संशय आला. हे परत आलं कुठून? कुणी शिकवलं? मंग एप्रिलात औषध उतरलेलं, हे ओशाळे होऊन कडेला वळले, तर मी म्हणले, "जाफराबादला संपवून आलात वाटतं." ते ऐकून माणूस रेघा वाढवणार न्हाई तर काय करणार?

दवाखान्यातून घरी आणल्यावर चौथ्या दिवशी मी यांना सांगितलं. जेवत होते. "सहा दिवस? पत्र्याच्या पेटीत?" म्हणले. मी मान हलवली. ताट सरकवून उठले. दोन दिवस स्वतःच्या हातानं ताट वाढून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणले, "तपासायला जायचंय. तू पण चल. डॉक्टर काय सांगतो ते दोघांनी ऐकू."

सूज उतरत आलीय. पहिल्यासारखं होईल का, ते सहा महिन्यांनी कळंल. तोपर्यंत सुई बंद. नंतर द्यायची ठरली तर परत डॉक्टरसमोर, कमीपासून सुरुवात. मी सगळं वहीत लिहून घेतलं. यांनी हसून बघितलं न्हाई, पण वही यांनीच पिशवीत ठेवली.

अजून एक. ते मी आत्तापर्यंत टाळलं. तुझ्या वरच्या साहेबांकडं तुझ्याविरुद्ध अर्ज गेला तो बायांच्या बोलण्यावरून गेला असं तुला वाटत असंल. तो मीच केला. दवाखान्यातून बाहेर पडले आणि तशीच जाऊन लिहून दिला. तुझी चौकशी लागली ती माझ्या सहीनं लागली.

शुक्रवारी मी तो अर्ज मागं घ्यायला गेले. माझा गैरसमज झाला होता, असं लिहून आणलं होतं. साहेब म्हणले, "बाई, बायकांसमोर एवढं बोललात, आता नुसता गैरसमज? मंग खरं काय होतं?" यांची गोष्ट मी कशी सांगू? हे बाहेर बाकावर बसले होते. आवाज ऐकून आत आले. क्लार्क होता, शिपाई होता, आणखी दोन माणसं होती. हे म्हणले, "साहेब, मला शुगरनं पुरुषाचा आजार झालाय. त्याची सुई घ्यायला मी सिस्टरकडं शिकत होतो. त्या माझ्या बहिणीसारख्या आहेत. लिहून घ्या, मी सही करतो." शिपाई खाली बघायला लागला. यांनी सही केली, पेन परत दिलं आणि मला म्हणले, "चल."

गावात आता ही गोष्ट पसरंल. पसरू दे म्हणतात. चौकशी बंद झाल्याचा कागद तुला आठवड्यात मिळंल असं साहेब म्हणले.

मंगळवारी मी तुझ्या दवाखान्यात येणार आहे, लसीच्या वेळेला, बाया असताना. जिथं उभी राहून बोलले तिथंच उभी राहून बोलायचंय. तू मला आत घेऊ नकोस, पाणी देऊ नकोस, तुझं काम करत राहा. मी बोलून लगेच निघून जाईन.

माफ कर म्हणत न्हाई. पण कधी लिहावंसं वाटलं तर यांच्या फोनवर नको. कागदावर लिही आणि वर माझं नाव टाक.

तुझी वहिनी म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
वंदना