मॅडमसाठी एक ग्लास पाणी

प्रिय दीक्षा,

जय भीम, पोरी. आधी हे वाच की तुझी आई आहे तशीच आहे, घाबरू नको. पत्र पाहिलं की माणूस वाईटच धरतो. पण फोनवर मी निम्मं विसरतो, आणि तू "बाबा, मी मीटिंगमधे आहो" म्हणून ठेवून देतेस. अमरावतीत ऊन तापलं असेल. चालू कूलरच्या पाण्यात हात घालू नको, शॉक बसतो.

मागच्या वर्षी त्या परदेशी मॅडम आपल्या गावात आल्या होत्या. त्यांच्या सरकारनं आपल्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचं मशीन बसवून दिलं. गावाला विचारायचं, आणि गाव काय म्हणालं ते तिकडच्या लोकांना उघड दाखवायचं, असा त्यांचा नियम. विहारात सगळे जमले. मशीनचं काम पाहणाऱ्या तुझ्या संस्थेनं दुभाषी म्हणून तुलाच आणलं. मी उठून म्हटलं, "मशीन पोळ्यापासून बंद आहे. नळाले खारंच पाणी येऊन राहिलं. दुरुस्तीले कोणी येत नाही." तू ते इंग्रजीत सांगितलंस. मॅडम हसल्या, त्यांनी हात जोडले. मला वाटलं, त्यांच्याकडं वाईट बातमीवरही हसायची रीत असेल. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाची पोरगी एवढ्या मोठ्या बाईशी इंग्रजी बोलत होती, मी तुझ्या तोंडाकडंच पाहत राहिलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

परवा अंगणवाडीतली माया घरी आली. म्हणाली, "काका, तुमी तर लय गोड बोलले त्या मॅडमजवळ." तिच्या मोबाइलवर त्या सरकारचं पान होतं. त्यावर माझा फोटो, खाली नाव, देवमन. तिनं मराठीत करून वाचलं: आता आमच्या घरी गोड पाणी येतं, माझ्या बायकोचा त्रास संपला. तुझी आई तेव्हा विकतच्या पाण्याची कॅन आत ओढत होती. ती म्हणाली, "कावून हो, माहा त्रास कधी संपला?"

तुझ्या साहेबानं दटावलं असेल, नोकरी नवी होती, हे मी धरून चालतो. पण ते तू माझ्या तोंडी घातलंस, पोरी. तिकडं माझ्यासारखाच कोणी म्हातारा माझा फोटो पाहून म्हणत असेल, चला, आपण भरलेला कर कामी आला. त्याच्याशी मी खोटं बोललो. आणि मशीन चालू आहे असं कळल्यावर ते दुरुस्त कोण करणार?

बुद्ध पौर्णिमा झाली की मॅडम पुन्हा येणार आहेत, दुभाषी तूच आहेस, असं सरपंच म्हणाले. या वेळी मी बोलणार नाही. आपल्या नळाचं पाणी ग्लासात भरून त्यांच्या हातात देईन. त्याला इंग्रजी लागत नाही. पण पहिल्याच घोटाला त्या तोंड वाकडं करतील आणि सगळे तुझ्याकडं पाहतील, ते डोळ्यांसमोरून जात नाही. नोकरी गेली तर काय, याचाही घोर आहे. म्हणून हे लिहिलं. त्याआधी तूच त्यांना खरं सांग. मला फोन करू नको, त्यांना कर. नाही केलास तरी ग्लास मी भरणारच. येताना एसटीत उन्हाच्या बाजूला बसू नको.

अजूनही तुझाच,
बाबा