मातीच्या गायी आणि बंद पांधण

ता. संग्रामपूर
७ जानेवारी २०२५

चि. समीक्षास आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पयला आला तो तुहा बाप. शाळेची घंटा वाजाची होती अन् भाऊराव पायरीवर उभा. मागून गावातले आणखी काही. काठेवाडी गुराख्यायच्या गायी आपल्या तुरीत शिरल्या, म्हणून त्यायच्या मुक्कामाच्या डेऱ्यातली पोरगी राजल वर्गातून काढा, नाही तर आम्ही आमची लेकरं काढतो, असं त्यानं सबीहा मॅडमले बजावलं. मॅडमनं पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत मागितली. लेकरायनं काय केलं ते पाहा अन् मग बोला, म्हणाल्या.

तू गुराख्यायच्या गोष्टींची पुस्तकं पाठवली होती ना, ती ऐकून पोट्ट्यायनं वर्गात अख्खं शिवार मांडलं. माती मी मळते. मले सोजरा मॅडम म्हणतात, बसाले खुर्ची देतात, तुही माय हसते. राजलनं गायी शिकवल्या, कान लांब, शिंगं मागं वळलेली. पोरायनं वावरं पावलांनी मोजून आणली, काट्यायचं कुंपण लावलं.

पण गायी नदीवर न्याव्या तर गुरांची जुनी वाट, ती पांधण, आपल्या वावराच्या बांधाले, धुऱ्यापाशी बंद. तुह्या बापाचं कुंपण वाटेत आलं. मग गायी तुरीतूनच जातीन ना? लेकरायले वाटते आपलंच मांडणं चुकलं. मले माहीत आहे, चुकलं नाही, कुंपण खरंच पांधणीवर आहे. शुक्रवारी सारं गाव पाहीन. ते कुंपण मी बोटानं मागं सरकवू का? एकीकडे माहा लेक, एकीकडे ते लेकरू. फोन केला असता, पण फोन त्याच्याच खिशात. उत्तर मॅडमच्या पत्त्यावर टाक.

लोभ आहेच, वाढला तरी चालते.
तुही आजी, सोजराबाई

नागपूर
११ जानेवारी २०२५

ती. सोजरा मॅडम यांस सा. न. वि. वि.

खुर्ची मिळाली म्हणून आईवर रुबाब करू नकोस. आणि कुंपणाला हात लावू नकोस. आपण मोजून आणलेलं मोठी माणसं पुसून टाकतात, एवढंच मुलं त्यातून शिकतील.

पण बाबांना चारचौघांत तोंडघशीही पाडायचं नाही. शुक्रवारच्या आधी त्यांना एकट्याला वर्गात ने. समजावू नकोस, तू बोलायला लागलीस की थांबत नाहीस. नुसत्या गायी हातात दे आणि नदीवर न्यायला सांग. चिडले तर माझं नाव सांग. इथे माझं कशात लक्ष नाही.

माया आहे तशी राहू दे.
तुझी समीक्षा

ता. संग्रामपूर
१८ जानेवारी २०२५

चि. समीक्षास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

शाळेचा बाक हलते असं सांगून गुरुवारी तुह्या बापाले नेलं. हातोडी घेऊन आला. गायी हातात दिल्या तर मांडी घालून बसला. धुऱ्यापाशी थांबला. गाय आडवी करून पाहिली, उचलून पलीकडे ठेवली, परत आणली. मी जीभ दातात धरली होती. हे तूच मांडलं का, असं त्यानं विचारलं. लेकरायनं मांडलं, मी नुसती माती मळली, म्हटलं. उठून गेला. हातोडी तिथंच. घरी जेवला नाही.

शुक्रवारी लोक काठ्या घेऊन आले. राजलचा बाप तिचा हात धरून दारात उभा, न्यायलेच आला होता. भाऊरावचा पत्ता नाही. पोरं मातीच्या गायी हाकत धुऱ्यापाशी आली. तेवढ्यात तो आला, हात कोपरापर्यंत ओरबाडलेले. खाली बसला, मातीतला एकेक काटा उपटून मागं रोवला. वावरातलं कुंपण सकाळीच मागं घेतलं, ज्याले पाहाचं त्यानं पाहून यावं, म्हणाला. राजलच्या बापानं तिचा हात सोडला, ती जाऊन तिच्या जागेवर बसली.

तुह्या बापावर रागावू नको. फोन केला तर हातोडीचं काढू नको, अजून लाजते.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.
तुही आजी, सोजराबाई

ता. क. चारा सरला म्हणून डेरा आज हालला. राजलचं नाव हजेरीत ठेवलं आहे. हरभरा निघाला की खतासाठी गायी आपल्याच वावरात बसवा, हे भाऊरावनंच त्यायले सांगितलं. महाशिवरात्र झाली की पयल्या सोमवारी येतो म्हणाले.