दीड पान बोलणारा ज्ञानू

पलूस, ता. ४ डिसेंबर १९४४

ती. ताईस, धाकट्या लालासाहेबाचा वाकून नमस्कार वि. वि.

बसून वाच. मी एक लय वंगाळ काम केलंया. आपल्या चुलत्याच्या जोतिबासाठी तू जो कागद माझ्या पाकिटातनं धाडलास, त्यो मी त्येला दिलाच न्हाई. त्येच्या जागी दुसराच लिवून दिला, तुझ्या अक्षरात. तूच ल्हानपणी मला तुझ्या अक्षराचा कित्ता गिरवाय लावला न्हवतास का? शाळेत मी तेवढंच एक शिकलो.

आता तुझी चूक ऐक. काका लिवण्याच्या नावानं काठी उगारत्यात म्हणून त्येचे कागद माझ्याकडनं येत्यात-जात्यात, हे ठीक. पर ज्ञानूदादा लढाईत इटलीला पडला, त्येच्यावर जोतिबानं, सख्ख्या भावानं, गोष्ट लिवली, आन् तू लिवतीस की ह्यो ज्ञानू मला वळखू येत न्हाई. जन्मात सलग दोन वाक्यं बोलला न्हाई त्यो गोळी लागल्यावर दीड पान बोलतोय. वर त्येला लिवतीस, लढाई तू बघितली न्हाईस, तार आल्यावर तुझ्या आईनं काय केलं ते बघितलंस, ते लिही, हे फाड. तुझ्या साताऱ्याच्या शाळेतल्या पोरींच्या वह्या बी तू अशाच सोलतीस काय गं? त्या जेवत्यात का न्हाई?

जोतिबा आठ दिस माझ्या दारात ठाण मांडून व्हता. मग तुझ्या नावानं मी लिवलं, वाचून रडले, एक काना-मात्रा बदलू नकोस. म्हणलं दोन दिस फुगंल, भजी चारंल, मग सांगू. भजी चारली. पर गडी आता म्हणतोय की येत्या ऐतवारी दादाच्या वर्षश्राद्धाला साऱ्या पावण्यांम्होरं गोष्ट वाचणार. काका बी त्यो कागद बघून गप झाल्यात. काय करू? उत्तर बिगीबिगी धाड. माया पातळ करू नगंस, आन् मारशील तर हळू मार.

तुझा,
लाला


सातारा, ता. ६ डिसेंबर १९४४

चि. लालास अनेक आशीर्वाद. आज ते केवळ रीत म्हणून.

मी पोरींना रडवते, हे खरं आहे. दोघींनी मला वह्या दाखवणंच सोडलं. पण न आवडलेल्या ओळीला मी आजवर चांगलं म्हटलेलं नाही, म्हणून कधी चांगलं म्हटलं की त्यांना ते खरं वाटतं. माझ्याजवळ कुणाला देण्यासारखं तेवढंच आहे. ते तू भज्यांवर विकलंस.

तार वाचून झाली तेव्हा काकीनं तव्यावरची भाकरी उलटली, करपेल म्हणून. हे मला जोतिबानंच सांगितलं होतं. ज्याला एवढं दिसतं, त्यानं मरणाऱ्याच्या तोंडी भाषण घालावं याचा मला राग आला. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी एवढी रागावले नसते.

हे पत्र मिळताच माझा खरा कागद त्याच्या हातात दे आणि काय केलंस ते सांग. रविवारच्या आत. काकीच्या कानांवर ती गोष्ट पडता कामा नये. वडीलधाऱ्यांना नमस्कार.

तुझी ताई,
विजयमाला


पलूस, ता. १९ डिसेंबर १९४४

ती. ताईस, तोंड लपवून नमस्कार.

तुझं पत्र शनवारीच मिळालं. कागद खिशात घालून गेलो बी. तर जोतिबा दादाचा खाकी सदरा घालून गोठ्यात म्हशींला गोष्ट वाचून दावत व्हता. माझ्याच्यानं झालं न्हाई.

ऐतवारी वाचली. ज्ञानूदादा बोलाय लागला, थांबंचना, तसा मागं पावण्यांत बसलेला नाथाजी फिसकन हसला. मग हरणाकाकी उठली. म्हणाली की ह्यो दुसऱ्याच कुणाचा तरी ल्योक दिसतोय, माझा ज्ञानू एवढा कवा बोलला? आन् आत गेली. काकांनी काठी बी उचलली न्हाई.

चार दिसांनी तुझा खरा कागद दिला. पर वरची तारीख फाडून. म्हणलं आजच आलाय. जोतिबानं वाचला आन् म्हणाला की ताई बी लोकांसारखीच, आधी वाहवा, हसं झालं की लगीच लाथ. तुझं अक्षर परत बघायचं न्हाई म्हणतोय. खरं काय ते मी सांगितलं न्हाई. आता दिसभर माझ्याच मागं असतोय. म्हणतोय, तूच एक हाईस.

काल शालूबाईच्या दुकानातनं भजी घेतली. पुडीचा कागद जोतिबाच्या वहीचा. आख्खी वही तिला पुड्यांला दिली म्हणं. त्या पानावर तार हाय, काकी हाय, उलटलेली भाकरी हाय. पंधरा ओळी. दादा त्यात एक अक्षर बोलत न्हाई. तुझा कागद वाचून लिवलंय ताई, आन् लिवून रद्दीत घातलंय. भजी कुत्र्याला घातली, पान पुसून घेतलं.

पान सोबत धाडलंय, तेलकट हाय. चांगलं हाय का ते लिव. मला वाटतंय, पर माझं कोण धरतंय? आन् तू चांगलं म्हणलीस तरी त्येला आता खरं वाटायचं न्हाई, म्हणून फकस्त मलाच लिव. लोभ ठेव म्हणायला तोंड न्हाई.

तुझाच,
लाला

ता. क. पाया पडतो, जोतिबाला सांगू नगंस. त्येचा एक भाऊ आधीच गेलाय. कुणालाच सांगू नगंस.