देवीला सोडलेला हेला

आश्विन शुद्ध षष्ठी, शके १८५९

पाटील 'हो' म्हणाले! अखेर म्हणाले! देवळाच्या ओट्यावर दुपारभर घसा कोरडा केला तेव्हा. यंदा दसऱ्याला हेला कापायचा नाही. देवीपुढं रेड्याऐवजी कोहळा कापायचा आणि हेला देवीच्या नावानं सोडून द्यायचा. व्यंकटराव पाटलांनी सगळ्या गावादेखत शब्द दिला. हिंगोलीहून जीवदया मंडळाचे चिटणीस मुद्दाम आले होते. "सोनाजी मास्तर, एका शाळामास्तरानं जे करून दाखवलं..." वगैरे बोलले, पाठ थोपटली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पण तो दगडोबा! दावं धरून हेल्याला देवीपुढं न्यायचा मान त्याच्या घरचा. दसऱ्याआधी महिनाभर हेला त्याच्याच गोठ्यात असतो आणि गावातलं घर न् घर त्याला आणून चारतं. भाकरी, सरकी, गूळसुद्धा! अंग कसं तुकतुकीत झालंय जनावराचं. आणि सगळं कशासाठी, तर मान उडवायची म्हणून! सभेत उठून म्हणतो, "मास्तर, देवी उपाशी राहिली तर जबाबदार तुमी." लोक हसले. एवढा दांडगा गडी आणि अक्कल ही!

घरी बायकोचं, गोजरबाईचं, निराळंच. "सोडल्यावर जाईल कुठं तो?" म्हटलं, "रानात जाईल. मोकळा!" "हां," म्हणाली आणि चुलीकडं वळली. हिला कशातही खोट काढायची सवयच आहे.

दसरा

कोहळा कापला. म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या, जणू काही आभाळच कोसळणार आहे. कोसळलं नाही. हेल्याच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर मळवट. चिटणीसांनी स्वतःच्या हातानं दावं काढलं आणि मोठ्यानं म्हणाले, "जा! आजपासून तू मुक्त आहेस!"

हेला हलेना! तिथंच उभा, माळेतला झेंडू खायला मान वाकडी करतोय. शेवटी पोरांनी शेपूट पिरगाळून हाकलला. चिटणीसांनी ते पाहिलं नाही. ते पाटलांच्या घरी जेवायला निघाले होते.

दिवेलागणीला पाहतो तर हेला दगडोबाच्या गोठ्यापाशी, आपल्या जागेवर. दगडोबानं काय करावं? आधी हात जोडले, त्याच्या खुरांवर डोकं टेकवलं आणि मग काठी घेऊन हाणत हाणत गावाबाहेरच्या पांदीपर्यंत नेऊन घातला! मी भांडायला गेलो. म्हणतो, "देवीचं झालं जनावर. माझ्या दावणीला बांधलं तर देवीची चोरी माझ्या माथी." अरे, काल कापायला तयार होतास आणि आज मूठभर चारा टाकायला नाही? "काल गावाचं होतं मास्तर. आता कोन्हाचंच न्हाई."

काय उत्तर आहे! तळपायाची आग मस्तकात गेली.

आश्विन वद्य द्वितीया

हेला रानात गेला नाही. जाईल कशाला? जन्मभर माणसांच्या हातचं खाल्लेलं जनावर. पोटात भूक आणि चहूकडं दाण्यावर आलेली ज्वारी. घुसला! सखुबाईच्या वावरात शिरला तर तिनं आधी लांबून पदर पसरला, "आई, तुझं लेकरू आवर" म्हणाली आणि मग ढेकळं मारली. सगळ्या गावाची हीच तऱ्हा. पुढून कुंकू, मागून काठी! सकाळी त्याच्या पाया पडणारा माणूस दुपारी त्याच्या पाठीवर दांडकं मोडतो आणि दोन्ही वेळा त्याला काही वावगं वाटत नाही.

आता कुणी भाकरी आणत नाही. भाकरी बळीच्या जनावराला होती. बळी नाही, तर भाकरी कसली?

आश्विन वद्य तृतीया

शाळेच्या ओसरीत येऊन बसला. पोरं पाढे म्हणायची थांबली. मीही थांबलो.

आश्विन वद्य सप्तमी

कुऱ्हाड! मागच्या पुठ्ठ्यावर कुऱ्हाडीचा घाव! हाताचं बोट आत जाईल एवढा. घरोघरी विचारत फिरलो. कुणी मारली? कुणीच नाही. सगळे हळहळतात, कानाला हात लावतात. "अरारा, देवीचं जनावर, कोन्या पाप्यानं केलं?" म्हणजे कुऱ्हाड आपली आपण उडत आली असणार! हरामखोर, सगळे हरामखोर.

गोजरबाई म्हणाली, "बोंबलून काय व्हनार? आपल्या अंगनात बांधा की."

बांधला. तासाभरात व्यंकटराव पाटील दारात. घर त्यांचंच, आम्ही भाडेकरू. आवाज गोड. "मास्तर, देवीचं जनावर खासगीत बांधता? उद्या गावात काही झालं तर लोक तुमच्या घरावर येतील. मला तकलीफ देऊ नका." सोडावा लागला. गोजरबाईनं दावं काढलं. पाटलांच्या तोंडावरच म्हणाली, "जा बाबा. तू मुक्त हायेस."

मला हसू आलं नाही. पाटलांनाही आलं नाही.

आश्विन वद्य दशमी

कोंडवाड्यात घालावा असं मनात आलं होतं. चारापाणी तरी मिळेल. तिथला कारकून विचारतो, मालक कोण? म्हटलं, देवी. तो हसत सुटला. बेवारस जनावराचा लिलाव होतो म्हणाला, आणि म्हातारा हेला घेणार कोण, तर खाटीक. म्हणजे फिरून तिथंच! परत आलो.

कार्तिक शुद्ध तृतीया

हिंगोलीला जाऊन आलो. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली. गाडीवानानं बैलांना आर टोचली, त्याच्याशीही वाटेत भांडलो. आजकाल मी सगळ्यांशीच भांडतो आहे.

चिटणीस फार आनंदात होते. चहा मागवला. आमच्या गावाची हकिकत वर्तमानपत्रात छापून आली म्हणून दाखवली. मी म्हटलं, हेला उपाशी आहे, त्याला कुऱ्हाड मारली आहे, त्याला तुमच्या गोरक्षणात घ्या. केवढं आवार आहे, गंजी लागल्या आहेत कडब्याच्या! तर म्हणतात, "मास्तर, ते गोरक्षण. तिथं गाई, बैल, वासरं. रेड्याची सोय घटनेत नाही." मग त्याला सोडवला कशाला? "हत्या थांबवणं हे आपलं कार्य. ते झालं. पुढचं गावानं बघायचं." आता त्यांचं लक्ष कळमनुरीकडच्या एका गावावर आहे. तिथलाही हेला मुक्त करायचा आहे. मला म्हणाले, तुम्ही चला, तुमचा अनुभव सांगा!

माझा आवाज एवढा चढला की बाहेरचे हमाल आत डोकावले. म्हटलं, माझा अनुभव सांगू? तुम्ही त्याला सुरीपासून सोडवला आणि भुकेच्या तोंडी दिला. सुरी एकदाच लागते! चिटणीस म्हणाले, "आपण दमला आहात." आणि मला शाल दिली. खरंच दिली! आधीच आणून ठेवली होती. टाकून येणार होतो, पण थंडी पडायला लागली आहे आणि गोजरबाईकडं शाल नाही. घेऊन आलो. स्वतःचाही राग आला.

सरकारी सलोतऱ्याकडून, ढोरांच्या डॉक्टराकडून, फिनेल मात्र मिळालं. त्या माणसानं काहीच विचारलं नाही, बाटली भरून दिली.

कार्तिक शुद्ध अष्टमी

घावात अळ्या पडल्या आहेत. गोजरबाईनं सीताफळीचा पाला वाटून दिला. "मला बघवत न्हाई," म्हणाली आणि वाटी घेऊन स्वतःच पुढं झाली. ओढ्याकाठी गाठला त्याला. फिनेलनं धुतलं, पाला भरला. जनावर जागचं हललं नाही, फक्त कातडी थरथरत होती. बरगड्या मोजता येतात. दसऱ्याला हाच तुकतुकीत होता!

हिनं पदराखालून भाकरी काढली. रोज आणत असली पाहिजे, कारण हेला तिच्या हाताकडंच बघत होता. मला एका शब्दानं बोलली नव्हती.

तिथूनच बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेलो. पेमा नाईकाकडं म्हशी आहेत. त्याला म्हटलं, घेऊन जा, तुमची देवी वेगळी, तुम्हाला काय भीती? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "देवीचं भ्या न्हाई मास्तर. पाटलाचं हाय. आमची जनावरं तुमच्या शिवारात चरतात. उद्या पाटलानं गायरान बंद केलं, तर हितल्या शंभर जितराबाला काय घालू?" आजवर एवढंच एक खरं बोलणं ऐकलं.

कार्तिक पौर्णिमा

गावात हिवताप.

कार्तिक वद्य प्रतिपदा

व्हायचं तेच झालं! ताप घरोघर पसरला, आणि कारण सापडलं. देवी उपाशी! येत्या मंगळवारी हेला कापायचा. तोच हेला! ओट्यावर बैठक झाली, मला बोलावलंसुद्धा नाही. मीच गेलो. म्हटलं, अरे, दरसाल या दिवसांत हिवताप येतो. मागल्या दसऱ्याला हेला कापला होता, तरी आला होता की नाही? तेव्हा देवीचं पोट बिघडलं होतं का?

हे बोलायला नको होतं. दोघं-तिघं अंगावर आले. पाटलांनी आवरलं. मला म्हणतात, "मी शब्द दिला होता, खरं हाय. पन आता गाव ऐकून न्हाई राहिलं." गाव! पाटलांच्या शब्दाबाहेर या गावात कोंबडं आरवत नाही, आणि म्हणे गाव ऐकत नाही!

आणि दगडोबानं हेला आणून दावणीला बांधलासुद्धा. आता चोरी नाही! आता चालतं! कापायचं ठरल्याबरोबर चारा टाकला, पाणी पाजलं, पाठ खरारली. मी गोठ्यासमोर उभा राहून तोंडाला येईल ते बोललो. तो मान खाली घालून पेंड कालवत होता. म्हणाला, "मंगळवारपोतर तरी खाऊ द्या त्याला."

कार्तिक वद्य चतुर्थी, सोमवार

चिटणीसांना माणूस पाठवला होता. मंगळवारच्या आत या, पाटलांना शब्दाची आठवण द्या, तुमचं ऐकतील. आज माणूस परत आला. चिटणीस येऊ शकत नाहीत. चिठ्ठीत निरोप असा, की तुमचं गाव मुक्त झालेल्या गावांत जाहीर झालेलं आहे, आता उलट बातमी बाहेर पडली तर चळवळीचं नुकसान होईल, तरी आपण गावातल्या गावात सामोपचारानं मिटवावं.

चळवळीचं नुकसान! आणि ज्याची मान जायची त्याचं?

गोजरबाईला सगळं वाचून... वाचून कसलं, ओरडून सांगितलं. हातातलं भांडं आपटलं. ती ज्वारी निवडत बसली होती. म्हणाली, "तुमी गावाशी बोलून पाह्यलं, मंडळाशी बोलून पाह्यलं. ज्याचं ऐकतात त्याच्याशी कुनी बोललं न्हाई." मी म्हटलं, पाटलांशी बोललो ना! तिनं सूप झटकलं.

कार्तिक वद्य पंचमी, मंगळवार, सकाळी

शाळेला सुट्टी दिली. देवळापुढं जाऊन हेल्याच्या आणि देवीच्या मधे बसणार. मारतील. मारू देत. नोकरीही जाईल, पाटील तपासनिसांना दरखास्त देतील. देऊ देत! एवढं गाव, एवढं मंडळ, एवढी भाषणं, आणि एका मुक्या जनावराला रोज पेंडीभर कडबा घालणारा माणूस नाही. मला या सगळ्यांची किळस आली आहे. ढोल सुरू झाला. निघतो.

मंगळवार, संध्याकाळी

मला दोघांनी उचलून बाजूला फेकलं. कोयता वर गेला. आणि बायकांतून एक किंकाळी आली. केस मोकळे, कपाळभर मळवट, घुमत घुमत पुढं आलेली गोजरबाई! आरतीतला जळता कापूर तिनं तळहातावर घेतला. ढोल थांबला. "मला दिलेलं जनावर मलाच कापून घालता व्हय रे? माझं हाय तर माझ्यावानी पोसा! घरोघरी पाळी लावा! दगड्या, बांध त्याला दावणीला!" दगडोबा रडत रडत दावं घेऊन धावला. पाटलांनी कान धरले. सगळं गाव आडवं झालं. मीही झालो. देव-भुताच्या नावानं आयुष्यभर बोटं मोडणारा मी, बायकोच्या पायाशी!

आता घरी आहे. निजली आहे, अंगावर ती शाल. बाहेर आठ-दहा बायका नारळ घेऊन बसल्या आहेत, हटत नाहीत. तळहातावर मोठा फोड आहे. खोबरेल लावताना हळूच विचारलं, "खरंच अंगात आलं होतं का गं?"

डोळे मिटूनच म्हणाली, "उद्या आपली पाळी हाय. कडबा आनून ठेवा."